यंत्र रिकामं का

चार वर्षं खपून मी एका यंत्राला घाई करायला शिकवलं, आणि त्याबद्दल माझीच नोकरी जायची वेळ आली. हे वाक्य मी घरी इतक्या वेळा ऐकवलंय, की माझी मुलगी आता पुस्तकातून मान वर न काढता म्हणते, "आई, प्लीज, नॉट अगेन." पण माझा राग अजून निवलेला नाही. निवावा असं मला वाटतही नाही. या प्रकरणात पुढे मी जे केलं ते सांगायचं, तर सुरुवात रागापासूनच करावी लागेल.

अबुधाबीतल्या एका विद्यापीठात, तळघरातल्या एका थंडगार खोलीत, मी एनएमआरचं यंत्र सांभाळते. दवाखान्यातला एमआरआय ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर हेही चालतं, फक्त माणसाऐवजी आत जाते ती पेन्सिलीएवढी काचेची नळी. बाहेरून पाहिलं तर दीड माणूस उंचीची स्टीलची टाकी. तिच्या पोटात द्रवरूप हेलियम, त्याभोवती द्रवरूप नायट्रोजन आणि मधोमध चुंबक. आम्ही सगळे त्या आख्ख्या धुडाला मॅग्नेटच म्हणतो. संशोधक आपापल्या नळ्या घेऊन येतात, मी त्या आत सोडते, यंत्र जुळवते आणि त्यांना हवं ते चित्र काढून देते. मी प्राध्यापक नाही, डॉक्टरही नाही. पुण्याच्या एका संस्थेत हेच काम शिकले आणि इथे आले. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून घरातल्या तिघांचाही व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. ज्या वर्षाबद्दल सांगते आहे त्या वर्षी मुलगी बारावीला होती. नोकरी गेली असती तर तिला ऐन परीक्षेच्या तोंडावर शाळा आणि देश दोन्ही सोडावे लागले असते.

आता घाईबद्दल. प्रथिनाचं चित्र म्हणजे पडद्यावर ठिपके, रांगोळी काढण्याआधी मांडतात तसे. प्रथिन ही लांबलचक साखळी असते, आणि ढोबळमानाने तिच्या एकेका कडीचा एकेक ठिपका. कडीला काही चिकटलं किंवा साखळी वाकली, की तिथला ठिपका आपली जागा सोडून सरकतो. म्हणजे प्रथिनाच्या आत काय चाललंय ते ठिपक्यांवरून कळतं. अडचण एवढीच, की जुन्या पद्धतीने असं एक चित्र काढायला अर्धा-पाऊण तास जायचा. आणि त्यातला बहुतेक वेळ नुसता वाट पाहण्यात. अणुकेंद्रकांना एकदा डिवचलं, की ती शांत होईपर्यंत थांबायचं, मग पुन्हा डिवचायचं, पुन्हा थांबायचं. असं शेकडो वेळा. जी क्रिया वीस मिनिटांत आटोपते तिचं चित्र पाऊण तासात काढणार म्हणजे काय काढणार? सुरुवात आणि शेवट. मधलं सगळं वाहून गेलेलं.

वेगवान पद्धती जगात होत्याच, मी काही त्या शोधल्या नाहीत. एक युक्ती अशी, की सगळ्यांना डिवचायचंच नाही. ज्यांचे ठिपके हवेत तेवढ्यांनाच हलवायचं. बाकीची शेजारीपाजारी शांत असली, की हललेलीही झटकन शांत होतात. दुसरी युक्ती, चित्राच्या सगळ्या ओळी मोजायच्या नाहीत. मधल्या मधल्या, मुद्दाम वेड्यावाकड्या निवडलेल्या पाव भाग ओळी मोजायच्या आणि उरलेलं गणितावर सोडायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्या यंत्रावर ते बसवताना माझी चार वर्षं गेली. संशोधकांचं काम सांभाळून, उरल्या वेळात, कोणीही सांगितलेलं नसताना. गणिताच्या चुकीने नसलेले ठिपकेही उमटतात, ते ओळखायला शिकण्यातच एक वर्ष गेलं. शेवटी पंधरा सेकंदांत एक चित्र निघायला लागलं. त्या दिवशी मी घरी श्रीखंड नेलं. का नेलं हे घरात कोणालाही समजलं नाही.

ज्या संशोधिकेसाठी हे सगळं कामी आलं ती सुदानची. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मला 'उख्ती' म्हणायची, म्हणजे ताई. बोलायची हळू आणि फार कमी. पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालणाऱ्या एका प्रथिनावर ती काम करत होती. एक एन्झाइम त्या प्रथिनाला दोन जागी फॉस्फेट चिकटवतं आणि मग तो लगाम सुटतो. तिचं म्हणणं असं, की दोन्ही फॉस्फेट एकदम चिकटत नाहीत. आधी एक चिकटतं, प्रथिन अर्धवट वाकतं, काही मिनिटं तसंच राहतं आणि मग दुसरं चिकटतं. त्या अर्धवट वाकलेल्या अवस्थेत त्याला धरून ठेवता आलं तर औषधाची वाट सापडू शकते. पण ती अवस्था कोणी पाहिलेली नव्हती. आमच्याच मॅग्नेटवर तिने त्याआधी दोन वेळा प्रयोग केला होता, दोन्ही वेळा ताज्या प्रथिनाच्या नळ्या एकामागून एक लावत यंत्र दोन-दोन दिवस अडकवून, आणि हाती काय आलं तर आरंभ आणि अंत.

तिसऱ्यांदा आम्ही वेगवान पद्धत लावली. सकाळी साडेनऊला तिने नळीत एन्झाइम टाकलं, नळी दोनदा उलटीसुलटी केली आणि मॅग्नेटच्या तोंडाशी सोडली. हवेच्या झोतावर तरंगत ती खाली उतरली. "यल्ला," ती म्हणाली, म्हणजे चला. पहिलं दीड मिनिट जुळवाजुळवीत गेलं. मग पडद्यावर एकामागून एक चित्रं येऊ लागली. चौथ्या मिनिटाला एका मोकळ्या जागी एक ठिपका उगवला. तो सुरुवातीच्या चित्रात नव्हता आणि शेवटच्याही असायला नको होता. तो ठळक झाला, काही वेळ तसाच राहिला, मग पुसट होत होत अकराव्या मिनिटाला गेला. त्या सात मिनिटांत तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की नंतर वळ उठले. अर्ध्या तासात सगळी क्रिया संपली. "खलास," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच मी तिला मोठ्याने हसताना ऐकलं. आम्ही वर जाऊन इथला दाट, वेलचीचा करक चहा प्यायलो आणि उरलेला दिवस मॅग्नेट मोकळा राहिला.

तो मोकळा राहिला, इथेच सगळं बिनसलं.

यंत्राच्या बुकिंगचं एक कॅलेंडर असतं, संगणकावर. एका तासाला एक चौकोन. तासभर यंत्र प्रत्यक्ष चाललं तर चौकोन हिरवा, नाहीतर पांढरा. वेगवान पद्धत सगळ्यांना कळल्यावर रांगच लागली. आधी ज्यांना महिनामहिना थांबावं लागायचं ते सकाळी येऊन दुपारी चित्र घेऊन जायला लागले. नळ्यांची संख्या दुप्पट झाली. आणि कॅलेंडर पांढरंफटक पडत गेलं. मी वेडी, मला त्या पांढऱ्या चौकोनांचा अभिमान वाटत होता.

एके दिवशी मला प्रशासनाच्या इमारतीत बोलावणं आलं. तिथे यंत्रांच्या वापराचा हिशोब ठेवणारा एक अधिकारी आहे. तरुण, दिल्लीकडचा, अत्यंत नम्र. त्याने मला खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली, आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"मॅडम, पिछले साल देखिए, पूरा ग्रीन. अभी आधे से ज़्यादा व्हाइट है. मशीन खाली क्यूँ है?"

मी सांगितलं, यंत्र रिकामं नाही, काम लवकर होतंय. दोन दिवसांचं काम अर्ध्या तासात होतंय. नळ्या मोजा, दुप्पट झाल्यात. जे आजवर कोणाला दिसलं नव्हतं ते दिसायला लागलंय.

त्याने मनापासून ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सॅम्पल का कॉलम नहीं है, मॅडम. सिर्फ अवर्स का है."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एखादी बाई तासाभराच्या पोळ्या अर्ध्या तासात लाटून मोकळी होते, आणि कोणीतरी येऊन विचारतं, उरलेला अर्धा तास गॅस बंद का होता? मी हे त्याला हिंदीत सांगायचा प्रयत्न केला. तो हसला, मान डोलावली, आणि म्हणाला की तिमाही संपली की कमिटी बसेल, असंच पांढरं राहिलं तर माझी जागा रद्द करून काम दुसऱ्या कॅम्पसमधल्या ऑपरेटरकडे द्यावं लागेल, त्याच्या हातात काही नाही. तो उर्मट असता तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

मी तीन पत्रं लिहिली. पहिल्यात विज्ञान समजावून सांगितलं. दुसऱ्यात विज्ञान कमी करून चित्रं घातली. तिसऱ्यात चित्रंही काढून टाकली आणि फक्त विचारलं, की जे काम तुम्हाला लवकर झालेलं चालत नाही ते तुम्हाला व्हायला तरी हवंय का. पहिल्या दोन पत्रांना 'आपल्या सूचनेबद्दल आभार' असं उत्तर आलं. तिसऱ्याला उत्तर नाही. वेगवान पद्धतींवर जगभर परिषदा भरतात, आमच्याच विद्यापीठाच्या माहितीपत्रकात 'वेग' हा शब्द प्रत्येक पानावर आहे, आणि तळघरात एक बाई खरोखर वेगाने काम करते तर तिला नारळ द्यायची तयारी. घरी मी आदळआपट करत होते. मुलगी म्हणायची, "आई, व्हाय आर यू शाउटिंग ॲट द कुकर?"

दर मंगळवारी नायट्रोजन येतो. दुबईतल्या अल क्वोजच्या गोदामातून ट्रक घेऊन येणारे चाचा दापोलीकडचे. पंचवीसेक वर्षं इथे गाडी चालवतायत आणि राहतात गोदामाच्या मागेच, कंपनीच्या खोलीत. मला 'ताई' म्हणतात. मॅग्नेटमध्ये नायट्रोजन भरायला अर्धा तास लागतो. पांढरी वाफ जमिनीवर पसरते आणि तेवढा वेळ आम्ही मराठीत बोलतो. त्या मंगळवारी मी त्यांनाच सगळं ऐकवलं.

चाचांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "आमचं पण तसंच की, ताई. गाडीला जीपीएस लावलाय. मी शॉर्टकट मारून लवकर परत गेलो, तर फोरमन विचारतो, किलोमीटर कमी का, गाडी उभी कुठे होती?"

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? रिकामी गाडी घेऊन राउंडअबाउटला दोन चकरा जास्ती. तो खूश, आम्ही खूश. तुम्ही पण चालवा की रिकामी."

मी हसण्यावारी नेलं. पण गुरुवारी दुपारी कॅलेंडरवर सलग पांढरे चौकोन दिसले, कमिटीला सहा आठवडे उरले होते, आणि मी एक नवी नळी घेतली, तिच्यात पाणी भरलं आणि मॅग्नेटमध्ये सोडली. बुकिंगमध्ये लिहिलं, 'प्रणाली तपासणी'. यंत्राला सांगितलं, चार तास मोज. पाण्याचं चित्र म्हणजे पडद्याच्या मधोमध एकच टेकडी, बाकी सगळं सपाट. या धंद्यातल्या कोणालाही ती झोपेतसुद्धा ओळखता येईल. जगातल्या सर्वांत महागड्या उपकरणांपैकी एक चार तास पाण्याकडे टक लावून बसलं, आणि कॅलेंडरवर चार चौकोन हिरवे झाले.

पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या आठवड्यात हात बसला. खरं दिसावं म्हणून कधी तीन तास, कधी सहा, कधी सकाळी, कधी दुपारी. महिन्याभरात त्या अधिकाऱ्याचा निरोप आला, आलेख सुधारतोय, अभिनंदन. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा संताप आला. तरीही पुढच्या आठवड्यासाठी मी पाण्याची बुकिंग केली.

याच सुमारास सुदानच्या संशोधिकेचा शोधनिबंध परीक्षकांकडून परत आला. त्यांचा एकच प्रश्न होता आणि तो रास्त होता. मधला ठिपका खरा आहे कशावरून? पाव ओळी मोजून उरलेल्या गणिताने भरता, मग तो गणिताच्या चुकीने उमटलेला नसेल कशावरून? दुसऱ्या वेड्यावाकड्या निवडीने, नव्या प्रथिनावर, प्रयोग पुन्हा करून दाखवा. त्यासाठी तिला प्रथिन नव्याने बनवावं लागणार होतं. त्यात साधा नायट्रोजन चालत नाही, खास जातीचा घालावा लागतो. म्हणजे तीन-चार आठवड्यांचं काम. तिची नेमणूक संपायला फार दिवस उरले नव्हते. हे प्रथिन नाजूक. शुद्ध करून हातात आलं की बर्फावर ठेवूनसुद्धा काही तासच नीट राहतं. ते नेमकं कोणत्या दिवशी हातात येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून बुकिंगही करता येत नाही. "तयार झालं की सरळ खाली येईन," ती म्हणाली. मी म्हणाले, "केव्हाही ये."

असं प्रथिन घेऊन कोणीही केव्हाही येऊ शकत होतं, ते त्या पांढऱ्या चौकोनांमुळे. वेगाची खरी कमाई तीच होती. यंत्र मोकळं असणं म्हणजेच यंत्र तयार असणं. हे मी तीन पत्रांत एकदाही लिहिलं नव्हतं, कारण मला ते तेव्हा सुचलंच नव्हतं. सुचलं तेव्हा उशीर झालेला होता.

आमच्या खोलीच्या दारावर मी चिकटवलेला एक कागद होता. 'बुकिंग दुसऱ्याची असेल तर नळीला हात लावू नये. अपवाद नाही.' काही वर्षांपूर्वी एकाने दुसऱ्याची नळी अर्ध्यावर बाहेर काढून त्याचं तीन दिवसांचं काम मातीत घातलं होतं. तेव्हा मी असा काही आवाज चढवला होता, की एक ज्येष्ठ प्राध्यापक आठवडाभर तळघरात उतरले नव्हते. त्या दिवसापासून हा नियम सगळे पाळत.

तिचं प्रथिन एका बुधवारी सकाळी साडेआठला तयार झालं. बुधवारी आठ ते दोन पाण्याची बुकिंग होती.

मी तिथे नव्हते. अधिकाऱ्याने मला प्रशासनाच्या इमारतीत बोलावलं होतं. वापर कसा वाढवावा हे इतर यंत्रांच्या ऑपरेटरांना समजावून सांगायला. वीसेक माणसांसमोर मी माझा हिरवा आलेख दाखवत होते. फोन आवाज बंद करून पर्समध्ये होता. काही जण वहीत लिहून घेत होते. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही, आणि आठवावं असंही वाटत नाही.

दीड वाजता परत आले तर ती दाराबाहेरच्या खुर्चीवर बसलेली. मांडीवर बर्फाचा डबा. पर्समधून फोन काढून पाहिला, तिचे दोन फोन येऊन गेले होते, पावणेनऊला आणि नऊला. तिसरा नाही. ती तशीच साडेचार तास बसून होती.

"किती वेळ झाला?" मी विचारलं, उत्तर माहीत असून.

"बुकिंग होती," ती म्हणाली. "काही हरकत नाही. थोडं गढूळ झालंय, पण बघू. इन्शाल्ला."

तिने नळी उजेडात धरली. तळाशी पांढरे तंतू जमले होते, दूध नासताना जमतात तसे. मी आत धावले, पाण्याची नळी बाहेर काढली, बाजूच्या स्टँडमध्ये खोचली आणि तिची नळी सोडली. ठिपके आले ते विस्कटलेले, एकमेकांत मिसळलेले. एन्झाइम टाकून पाहिलं. काही हललं नाही. आम्ही पाच वाजेपर्यंत प्रयत्न करत राहिलो.

"आज नेमकी तपासणी होती," मी म्हणाले. तिने विचारलंही नव्हतं.

"हो," ती म्हणाली, आणि बर्फाच्या डब्यातलं पाणी बेसिनमध्ये ओतलं.

पुढच्या मंगळवारी मी चाचांना सांगितलं. नायट्रोजनच्या पाइपवरचा त्यांचा हात थांबला. मग म्हणाले, "माझी रिकामी गाडी कोणाच्या आड येत नाही, ताई. म्हणून चालतं." मला त्यांचाही राग आला. सल्ला तुम्हीच दिला होतात, असं ओठांवर आलं होतं.

नवं प्रथिन बनवायला तिला वेळ उरला नव्हता. काही आठवड्यांनी ती गेली, दुसऱ्या देशात, दुसऱ्या विषयावरच्या कामाला. निरोपाच्या दिवशी माझ्या मुलीसाठी खजुराचा डबा आणि परीक्षेसाठी एक पेन देऊन गेली. पाणी मी त्या बुधवारनंतर घातलं नाही, पण तोवर पुरेसे चौकोन हिरवे झालेले होते. कमिटी बसली, माझा करार पुढे चालू झाला, तिघांचे व्हिसे झाले. मुलगी बारावी झाली. वर्षाच्या शेवटी मला फ्रेममध्ये घातलेलं एक प्रशस्तिपत्र मिळालं, 'यंत्राचा सर्वाधिक वापर' केल्याबद्दल. ते माझ्या टेबलामागच्या भिंतीवर आहे. काढून ठेवलं तर अधिकारी विचारतो, म्हणून राहू दिलंय. चौथ्या मिनिटाला उगवून अकराव्या मिनिटाला मावळलेल्या त्या ठिपक्याबद्दल कोणी कोणाला काही दिलं नाही.

वर्षभराने तिचा निबंध छापून आला, एका लहानशा नियतकालिकात. मी तो माझ्या टेबलाशी बसून वाचला. मधल्या अवस्थेसाठी एकच परिच्छेद, शेवटी शेवटी. 'अशी अवस्था असण्याची शक्यता नाकारता येत नाही, परंतु प्रयोगाची पुनरावृत्ती करता आली नाही.' जी गोष्ट आम्ही दोघींनी डोळ्यांनी पाहिली होती, तिची अशी 'शक्यता' झाली होती. सगळ्यात खाली आभार होते. त्यात मी होते. 'यंत्राचा वेळ उदारपणे उपलब्ध करून दिल्याबद्दल.'

मी तीनदा वाचलं. मग फोन काढून तिला लिहिलं, 'त्या बुधवारी मॅग्नेटमध्ये तपासणी नव्हती. पाणी होतं. माझा आलेख हिरवा करायला मीच घातलं होतं. तुझं प्रथिन माझ्यामुळे गेलं.' पाठवलं, आणि उत्तर येईपर्यंत ते पंख्याच्या आवाजाचं थंड तळघर मला सहन होईना.

उत्तर दहा मिनिटांत आलं. 'मला माहीत होतं, उख्ती. दाराच्या काचेतून पडदा दिसत होता. एकच टेकडी. सकाळी वाटलं, तू खरंच काहीतरी तपासते आहेस. तू नळी काढून स्टँडमध्ये ठेवलीस तेव्हा तिच्यावर तपासणीच्या नळ्यांवर असतं ते लेबल नव्हतं, तेव्हा समजलं. तुझ्या मुलीची परीक्षा होती ना?'

मी फोन उपडा ठेवला. मला तिचा भयंकर राग आला. अधिकाऱ्याचा आला नव्हता इतका. समोर टेकडी दिसत असताना, पाणी आहे हे कळण्याइतकी ती हुशार असताना, साडेचार तास खुर्चीवर बसून राहायची काय गरज होती? आत शिरायचं होतं, पाणी फेकून द्यायचं होतं, दारावरचा कागद टराटरा फाडायचा होता. दुपारी कळल्यावर तरी माझ्यावर ओरडायचं होतं. नियम मी केला होता आणि तो मोडला मीच, आणि तो पाळून स्वतःचं काम नासू देणारी ती निघाली. वर आभार मानले.

दुसऱ्या दिवशी मी दारावरचा कागद काढला. मग कॅलेंडर उघडून मागे गेले, तो बुधवार शोधला, आणि ते सहा चौकोन पुसायचा प्रयत्न केला. होऊन गेलेल्या तारखा बदलता येत नाहीत, असा संदेश आला. ते अजून हिरवे आहेत.